नाव आहे, किंमत आहे. अर्थ लिहिलेला नाही

करमाळा तालुक्यातलं आमचं केम उत्तरेश्वराच्या देवस्थानासाठी आणि कुंकवासाठी ओळखलं जातं. सोलापूर-दौंड रेल्वेमार्गावर, कुर्डुवाडी आणि जेऊरच्या मधलं हे गाव. इथे मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पीएम किसानची केवायसी, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, कुंकू कारखानदारांची जीएसटीची विवरणपत्रं, ठेकेदारांच्या ई-निविदा, सगळं इथे होतं. काम कुठलंही असो, ते संगणकावरच्या ब्राउझरमधूनच पुढे सरकतं. समोर बसलेला माणूस ब्राउझरचं नाव कधी घेत नाही. तो विचारतो, "ताई, साईट चालंना का?"

साईट न चालण्याची नेहमीची कारणं आम्हाला पाठ असतात. सर्व्हर बंद असतो, नेट गेलेलं असतं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना असतो. यांतलं काहीच नसताना साईट अडली, की कारण ब्राउझरच्या आतल्या सेटिंगमध्ये असण्याची शक्यता असते. या सेटिंगांबद्दल, आणि त्यांच्यासोबत जे लिहिलेलं नसतं त्याबद्दल, मला बोलायचं आहे.

फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:कॉन्फिग' असं टाइप केलं की आधी जपून पुढे जाण्याची सूचना येते. ती मान्य केली की शोधायची एक चौकट मिळते, आणि सगळं दाखवायला सांगितलं तर हजारो ओळींची यादी उघडते. प्रत्येक ओळीत सेटिंगचं नाव आणि तिची किंमत. किंमत म्हणजे कुठे 'ट्रू' किंवा 'फॉल्स', कुठे आकडा, कुठे थोडा मजकूर. आपण बदललेली ओळ ठळक अक्षरांत दिसते आणि शेजारी मूळ किंमत परत आणायचं बटण असतं. ही सेटिंग काय करते, कशासाठी ठेवली आहे, बदलली तर आणखी कशाला धक्का लागेल, हे सांगणारा रकाना त्या पानावर नाही. क्रोममध्ये 'फ्लॅग्ज' नावाचं असंच पान आहे. तिथे प्रत्येक स्विचखाली एक-दोन ओळी असतात, पण त्या ज्याला विषय आधीच माहीत आहे त्याला कळतील इतक्याच. दोन्ही ब्राउझर मराठीत वापरता येतात, मेनू मराठी होतात. या पानांवरच्या सेटिंगांची नावं मात्र इंग्रजीच राहतात.

असं का, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधत होते. ते मिळाल्यावर माझा राग बराच निवळला. यातल्या बहुतेक सेटिंगा तुमच्या-माझ्यासाठी केलेल्याच नाहीत. नवी सुविधा आधी थोड्या लोकांना देऊन पाहायची, ती बिघडली तर लगेच बंद करता यावी, चाचणी घेता यावी, यासाठी ब्राउझर लिहिणाऱ्यांनी त्या ठेवलेल्या असतात. त्यांचं वर्णन कुठेतरी असतंच. फायरफॉक्सच्या बाबतीत ते मूळ प्रोग्रामच्या 'स्टॅटिकप्रेफलिस्ट' नावाच्या फाइलमध्ये, प्रत्येक सेटिंगच्या डोक्यावर छोट्या टिपणाच्या रूपात सापडतं. ती फाइल कुणालाही वाचायला खुली आहे. पण ते टिपण एका प्रोग्रामरने दुसऱ्या प्रोग्रामरसाठी लिहिलेलं असतं. शिवाय एखादी सेटिंग रीतसर माहितीपुस्तकात घातली की ती पुढेही टिकवायची जबाबदारी येते, आणि यातल्या कित्येक तर पुढच्या आवृत्तीत काढून टाकायच्या असतात. ही अडचण खरी आहे. पण प्रोग्रामरांसाठी ठेवलेल्या त्याच सेटिंगांवर आज तालुक्या-तालुक्यातल्या काउंटरवर लोकांची कामं अडतात आणि सुटतात, हेही तितकंच खरं आहे.

या सेटिंगांनी मला काय दिलं, ते आधी सांगते. अर्ज भरून झाला की तो पाठवण्यापूर्वी मी समोरच्या माणसाला स्क्रीनवर त्याचं नाव, गट नंबर, खातं वाचायला लावते. म्हातारी माणसं पुढे वाकून डोळे बारीक करायची आणि शेवटी "तूच बघ बाई" म्हणून सोडून द्यायची. सगळं पान मोठं केलं की फॉर्मचे रकाने एकमेकांवर चढायचे. फायरफॉक्समध्ये फक्त देवनागरी अक्षराचा किमान आकार वेगळा ठरवता येतो. अक्षरांच्या प्रगत सेटिंगमध्ये लिपी निवडायची आणि आकडा वाढवायचा. आतल्या यादीत तिचं नाव 'फॉन्ट, मिनिमम साइझ, एक्स-देवनागरी' अशा वळणाचं आहे. मी आकडा वाढवला. काही साईटवर मराठी अक्षर छान मोठं झालं, काहींवर कणभरही हललं नाही.

कारण शोधताना कळलं, की पान कोणत्या भाषेतलं आहे हे ब्राउझर डोळ्यांनी वाचून ठरवत नाही. पान तयार करणाऱ्याने त्यात भाषेची खूण टाकलेली असते, ती तो बघतो. मजकूर सगळा मराठी, पण खूण इंग्रजीची, अशी कितीतरी पानं आहेत. त्यांना इंग्रजी लिपीसाठी ठरवलेला आकडा लागू होतो. तो आकडाही वाढवला आणि काम झालं. आता सत्तरी ओलांडलेले आबा स्वतः वाचतात आणि म्हणतात, "गट नंबर बरोबर हाय, पर नावात रफार ऱ्हायलाय." पुढे तालुक्याला मारावा लागणारा हेलपाटा तिथेच वाचतो. 'ही सेटिंग पानावरच्या भाषेच्या खुणेप्रमाणे लागू होते' एवढं एक वाक्य शेजारी असतं, तर ज्या केंद्रांनी 'ही सेटिंग चालत नाही' म्हणून नाद सोडला, त्यांनीही ती वापरली असती.

दुसरा अनुभव २०१७ सालचा. तेव्हा ई-निविदा भरताना डिजिटल सही करायला जावा लागायचं, आणि जावा ब्राउझरमध्ये प्लगइन म्हणून चालायचं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आवृत्ती ४५ पासून असली जुन्या धाटणीची प्लगइनं पूर्ण बंद केली होती, म्हणून निविदेचं काम आम्ही फायरफॉक्सवर करायचो. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५२ वी आवृत्ती आली आणि फ्लॅश सोडून बाकीची प्लगइनं तिथेही थांबली. निविदेची मुदत संध्याकाळपर्यंत, सहीचा टोकन संगणकाला लावलेला, आणि ठेकेदार खुर्चीच्या टोकावर बसलेला. दुसऱ्या गावातल्या केंद्रचालकाने फोनवर उपाय सांगितला: अबाउट:कॉन्फिगमध्ये जा, 'प्लगइन डॉट लोड फ्लॅश ओन्ली' नावाची सेटिंग 'फॉल्स' कर.

ती सेटिंग यादीत नव्हतीच. आपणच नवी ओळ तयार करायची, नाव अक्षर न अक्षर बरोबर टाइप करायचं आणि किंमत द्यायची, अशी ती लपलेली सेटिंग होती. ती चालली. निविदा गेली. पण ती फक्त त्या एका आवृत्तीपुरती ठेवलेली तात्पुरती सोय होती. पुढच्याच आवृत्तीत ती गेली, आणि ब्राउझर आपोआप अद्ययावत झाल्यावर ओळ तशीच राहून निरुपयोगी झाली. ज्यांना सही चालू ठेवायची होती त्यांच्यासाठी संस्थांकरता काढलेली दीर्घ मुदतीची ५२ वी आवृत्ती होती, तिला २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत आधार होता. हे ज्यांना माहीत होतं त्यांनी वर्षभर शांतपणे काम केलं. ज्यांच्यापर्यंत फक्त फोनवरचा उपाय पोचला, त्यांनी ब्राउझर काढून पुन्हा टाकण्यात आणि कुठून-कुठून जुन्या आवृत्त्या उतरवण्यात दिवस घालवले. 'काय करायचं' हे तोंडोतोंडी पसरलं. 'कधीपर्यंत चालेल' हे कुणीच पुढे पाठवलं नाही, कारण उपाय सांगणाऱ्यालाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग आलं २०२०. ब्राउझर आणि साईट यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या कमकुवत ठरल्या होत्या. मार्च २०२० मध्ये आलेल्या फायरफॉक्स ७४ मध्ये त्या बंद झाल्या. त्याच दिवसांत करोनाची साथ पसरली. साथीची माहिती देणाऱ्या काही सरकारी साईट जुन्याच पद्धतीवर चालत होत्या, म्हणून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने हा बदल तात्पुरता मागे घेतला आणि ३० जून २०२० च्या ७८ व्या आवृत्तीत तो पुन्हा लागू केला. अडचणीच्या काळात नियम सैल करणं, तो का सैल केला हे जाहीर सांगणं आणि नंतर पुन्हा घट्ट करणं, ही रीत मला आवडली.

आमच्याकडे मात्र जुलैपासून एक पोर्टल उघडेनासं झालं आणि केंद्रचालकांच्या ग्रुपवर उपाय फिरू लागला: टीएलएसच्या किमान आवृत्तीची किंमत ३ ची १ करा. इथे ३ म्हणजे टीएलएस ३ नव्हे. १ म्हणजे १.०, २ म्हणजे १.१, ३ म्हणजे १.२ आणि ४ म्हणजे १.३. नुसता आकडा बघून हे कुणाला कळावं? त्याहून मोठी गोष्ट अशी, की ही सेटिंग एका साईटपुरती नसते. एका अडलेल्या पोर्टलसाठी ती खाली आणली, की त्या ब्राउझरमधून उघडणाऱ्या प्रत्येक साईटसाठी दार सैल होतं. ज्या संगणकावर पोर्टल उघडायचं, त्याच संगणकावर मी लोकांच्या बँकेचं काम करते. मावशी अंगठा देतात, त्यांचा आधार क्रमांक मी टाइप करते. त्या माझ्यावर विश्वास ठेवून बसलेल्या असतात. माझ्या ब्राउझरमध्ये कोणती किंमत बदलली आहे हे त्यांना कळण्याचा काहीच मार्ग नाही.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. फायरफॉक्समध्ये वेगवेगळी प्रोफाइल करता येतात. एकातली सेटिंग दुसऱ्यात जात नाही. अडलेल्या पोर्टलसाठी मी वेगळं प्रोफाइल केलं, त्याला 'फक्त हे काम' असंच नाव दिलं, आणि त्यात दुसरी कुठलीही साईट उघडायची नाही असा केंद्राचा नियम केला. पोर्टल सुधारलं त्या दिवशी ते प्रोफाइल पुसून टाकलं.

अंगठ्याच्या यंत्राची गोष्ट यापेक्षाही रोजची आहे. आधारसाठी वापरायचं यंत्र 'आरडी सर्व्हिस' नावाच्या छोट्या प्रोग्रामवर चालतं. हा प्रोग्राम आपल्याच संगणकावर असतो. साईट त्याला संगणकाच्या अंतर्गत पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर हाक मारते, तो यंत्राचा दिवा लावतो, आणि बोटाचा ठसा कुलूपबंद होऊन पुढे जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रोमच्या ९४ व्या आवृत्तीने असुरक्षित पानांना तुमच्या संगणकाच्या किंवा घरातल्या राउटरच्या अंतर्गत पत्त्यांवर हाक मारायला मनाई सुरू केली. मनाई योग्यच होती. बाहेरचं कुठलंही पान तुमच्या घरातल्या यंत्राशी परस्पर बोलू लागलं, तर चोरीला वाट मिळते. पण ज्या पोर्टलची पानं अजून साध्या एचटीटीपीवर होती, तिथे यंत्राचा दिवाच लागेना. "ताई, लाइट का लागंना? माझ्या बोटाला रेघा ऱ्हायल्या न्हाईत का?" असं कष्टाची माणसं विचारायची. खुरपणी, ऊसतोड करून बोटं झिजतात हे खरंच. त्यामुळे दोष आपल्याच हाताचा, असं त्यांना आधी वाटतं. दोष तिथे नव्हता.

ग्रुपवर उपाय आला: फ्लॅग्जमध्ये जाऊन अंतर्गत विनंत्या अडवणारा स्विच 'डिसेबल्ड' करा. चित्रावर लाल बाण काढलेला. गावोगावच्या केंद्रांनी तो बंद केला. काय बंद केलं हे त्या चित्रात नव्हतं. पोर्टलच्या मदतपुस्तिकेतही 'ब्राउझर सेटिंग तपासा' यापलीकडे काही नव्हतं. फ्लॅग हा कायमचा नसतो, बहुतेकांना ठरावीक आवृत्तीपर्यंतची मुदत असते आणि ती संपली की स्विच यादीतून नाहीसा होतो. मग पुन्हा दिवा बंद, पुन्हा नवं चित्र, पुन्हा नवा बाण. २०२५ च्या अखेरीस आलेल्या क्रोमच्या १४२ व्या आवृत्तीपासून अंतर्गत यंत्राशी बोलण्याआधी ब्राउझर सरळ परवानगी विचारतो. हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण प्रश्न कामाच्या जागी आणि कामाच्या वेळी समोर येतो, आणि होकार त्या एका साईटपुरता राहतो. लपलेल्या पानावरचा स्विच यातलं काहीच करत नव्हता.

सेटिंगने स्वतःची मुदत सांगावी, याचं एक चांगलं उदाहरणही मी वापरते. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. त्याच्याशिवाय न चालणाऱ्या जुन्या साईटसाठी एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' आहे. साईटचा पत्ता यादीत घातला की शेजारी तारीख दिसते: घातल्यापासून ३० दिवस. मुदत संपली की साईट पुन्हा अडते, आणि पहिल्यांदा लोक वैतागतात. पण तारीख समोर लिहिलेली आहे, त्यामुळे मी ती वहीत उतरवते, आदल्या दिवशी पत्ता नव्याने घालते. दर महिन्याला तो घालताना मला आठवतं, की हा टेकू आहे आणि त्या साईटने कधीतरी बदललं पाहिजे. मुदतीची एवढीशी ओळ माणसाला सावध ठेवते.

हे सगळं मला इतकं खुपतं, याला गावातलं स्टेशनही कारण आहे. भारतीय रेल्वेत प्रत्येक स्टेशनसाठी 'स्टेशन वर्किंग रूल्स' म्हणजे त्या स्टेशनपुरते कामाचे नियम लेखी असतात. केमसारख्या लहान स्टेशनालाही. सिग्नल कुठे आहेत, कोणती लाइन कशासाठी, एखादी यंत्रणा बिघडली तर गाडी कोणत्या पद्धतीने घ्यायची, हे त्यात येतं. नवा स्टेशन मास्तर कामावर रुजू झाला की त्याने ते वाचायचे, आणि 'मी वाचले, मला समजले' अशी हमीच्या नोंदवहीत सही केल्याशिवाय त्याला एकट्याने ड्यूटी मिळत नाही. नियम बदलला की पुन्हा सही. कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणून तिथे कुणी यंत्रणा बंद करत नाही, कारण त्या गाडीत माणसं बसलेली असतात. माझ्या काउंटरसमोरही माणसंच बसलेली असतात. त्यांची पेन्शन, त्यांचं अनुदान, त्यांची ओळख माझ्या एका क्लिकवर पुढे जाते.

म्हणून केंद्रात मी सेटिंगची वही ठेवली आहे. रकाने साधे आहेत: तारीख, ब्राउझर आणि आवृत्ती, सेटिंगचं पूर्ण नाव, आधीची किंमत, नवी किंमत, कोणत्या कामासाठी बदलली, त्यामुळे काय सैल झालं, आणि कधी परत आणायची. 'काय सैल झालं' हा रकाना रिकामा असेल तर सेटिंग बदलायची नाही. तो भरण्यासाठी शोधावं लागतं, वाचावं लागतं, कधी कळणाऱ्या माणसाला फोन करावा लागतो. घाईच्या दिवशी, रांग दारापर्यंत गेलेली असताना, हा नियम पाळणं जड जातं. तरी पाळते. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुली पहिल्या आठवड्यात ही वही वाचतात आणि शेवटच्या पानावर सही करतात.

वही मराठीत आहे, कारण ती वाचणारी माणसं मराठीत विचार करतात. 'टीएलएस किमान आवृत्ती ३: बँकेसकट सगळ्या साईटना लागू, खाली आणायची नाही' हे वाक्य बारावी झालेल्या मुलीलाही पहिल्या वाचनात कळतं. आसपासच्या गावांतले केंद्रचालक पानांचे फोटो मागून घेतात, आणि माझी एकच अट असते: पुढे पाठवाल तर पूर्ण पान पाठवा, नुसती नावाची आणि किमतीची ओळ कापून पाठवू नका. काहीजण आता स्वतःच्या नोंदी उलट मला पाठवतात. एकाने कळवलेली प्रिंटची सेटिंग मला फार उपयोगी पडली. दाखल्याच्या कागदावरची मागची रंगीत पट्टी छापली जात नव्हती. पार्श्वभूमी छापायची की नाही हे फायरफॉक्स प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळं लक्षात ठेवतो, हे त्याने कारणासकट लिहून पाठवलं. कारण कळल्यामुळे प्रिंटर बदलला तेव्हा मला पुन्हा कुणाला विचारावं लागलं नाही.

ब्राउझर लिहिणाऱ्यांनी हजारो सेटिंगांचं पुस्तक लिहावं अशी माझी मागणी नाही. संस्थांसाठीच्या धोरणांची यादी फायरफॉक्स आणि क्रोम दोघांकडेही आहे, आणि तिच्यात प्रत्येक धोरण काय करतं, कोणत्या आवृत्तीपासून चालतं हे नीट मांडलेलं आहे. म्हणजे हे काम करता येतं, आणि जिथे मोठ्या संस्थांना गरज असते तिथे ते होतंही. गावातल्या काउंटरचीही गरज तेवढीच मोजावी.

खरी मागणी त्यांच्याकडे आहे जे आम्हाला सेटिंग बदलायला सांगतात. कोणतंही पोर्टल, कोणतंही खातं, कोणताही यंत्रविक्रेता केंद्रचालकाला ब्राउझरमधली एखादी किंमत बदलायला सांगत असेल, तर त्याने सोबत चार ओळी मराठीत लेखी द्याव्यात: नेमकं काय बदलायचं, का बदलायचं, त्याने धोका कोणता वाढतो, आणि मूळ किंमत परत कधी आणायची. खाली जबाबदार माणसाचा हुद्दा असावा. आणि आम्ही केंद्रचालकांनी या चार ओळी मिळाल्याशिवाय हात लावू नये. त्या मागणं हा आमचा हक्क आहे, आणि ज्यांचे अंगठे आम्ही घेतो त्यांच्याप्रती ते आमचं कर्तव्यही आहे.